ॲडमिनसाठी क्लाउडच्या रोल-बेस्ड परीक्षा: तयारी नेमकी कशाची करायची?

सर्व्हररूम:

नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षं ऑफिसातलेच सर्व्हर सांभाळतो आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरी, ग्रुप पॉलिसी, फाइल सर्व्हर, बॅकअप, शिवाय प्रिंटरच्या तक्रारी. मेलबॉक्स क्लाउडवर जाऊन काळ लोटला, आता उरलेले सर्व्हरही ॲझ्युरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, हलवायचं ठरलं आहे. साहेबांनी सांगितलंय, आधी एझेड-१०४ (ॲझ्युर ॲडमिनिस्ट्रेटरची परीक्षा) कर, मग एमएस-१०२ (मायक्रोसॉफ्ट ३६५ ॲडमिनिस्ट्रेटरची).

अडचण अशी की व्हिडिओ बघताना सगळं समजतं. सराव प्रश्न सोडवायला बसलो की मात्र चारपैकी दोन पर्याय पटकन बाद होतात आणि उरलेल्या दोनांत मी अडकतो. दोन्ही बरोबरच वाटतात. स्टडी गाइड उघडावी तर यादी संपता संपत नाही. नोकरी सांभाळून ज्यांनी या परीक्षा दिल्यात त्यांनी कृपया सांगावं: सुरुवात कुठून करू? आधी एझेड-९०० ही पायाभूत परीक्षा द्यायलाच हवी का? पॉवरशेलच्या कमांड पाठ कराव्या लागतात का?

जुनाजाणता:

तुम्ही दोन पर्यायांत अडकता म्हणजे तुम्ही कच्चे आहात असं नाही. प्रश्न तसेच बांधलेले असतात. दोन्ही उपायांनी काम होतं, पण त्यातला एकच त्या भूमिकेतल्या माणसाने निवडावा असा असतो.

थोडं मागे जाऊन सांगतो. पूर्वी मायक्रोसॉफ्टची प्रमाणपत्रं प्रॉडक्टला बांधलेली होती. अमुक विंडोज सर्व्हर, तमुक एक्सचेंज. २०१८ पासून ती भूमिकेला बांधायला सुरुवात झाली: ॲझ्युर ॲडमिनिस्ट्रेटर, सिक्युरिटी इंजिनिअर, एंडपॉइंट ॲडमिनिस्ट्रेटर. जुनी एमसीएसए, एमसीएसई मालिका ३१ जानेवारी २०२१ ला बंद झाली. हा बदल नुसता नावापुरता नव्हता. 'हे बटण कुठे आहे' असं विचारणं कमी झालं आणि 'अशी गरज आहे, अशी बंधनं आहेत, तुम्ही काय कराल' असं विचारणं वाढलं.

म्हणून प्रश्नातली बंधनं शोधा. एझेड-१०४ मध्ये दोन बंधनं पुन्हा पुन्हा भेटतात: परवानगी कमीत कमी द्या, आणि देखभालीची मेहनत कमीत कमी ठेवा. समजा एका गटाला एकाच रिसोर्स ग्रुपमधली (ॲझ्युरमधल्या वस्तू एकत्र ठेवायचा कप्पा) व्हर्च्युअल मशीन सांभाळायची आहेत, पण ती ज्या नेटवर्कला आणि स्टोरेजला जोडलेली आहेत त्यांना हात लावू द्यायचा नाही. कॉन्ट्रिब्युटर दिलं तरी मशीन सांभाळली जातीलच, पण बंधन मोडलं. व्हर्च्युअल मशीन कॉन्ट्रिब्युटर हा रोल बरोबर, पण सबस्क्रिप्शनच्या, म्हणजे सगळे ग्रुप ज्यात येतात त्या पातळीवर दिला तर इतर ग्रुपमधली मशीनही त्यांच्या ताब्यात गेली. उत्तर म्हणजे तोच रोल, त्या एका रिसोर्स ग्रुपपुरता. म्हणजे रोल (काय करता येईल) आणि स्कोप (कुठपर्यंत) असे दोन निर्णय एकाच पर्यायात दडलेले असतात. तुम्ही ज्या दोन पर्यायांत अडकता त्यांत फरक बहुधा यातल्याच एकाचा निघेल.

एझेड-९०० सक्तीची नाही. तुमचा पाया आहेच, त्यामुळे मी तरी ती वगळून तोच वेळ लॅबला द्या म्हणेन. ज्याने सर्व्हर कधी उभाच केला नाही त्याची गोष्ट वेगळी.

परवानगी:

वरच्या प्रतिसादाला जोडून. ऑन-प्रिमाइसेसमधून, म्हणजे ऑफिसातल्या सर्व्हरवरून, येणाऱ्यांची सगळ्यात मोठी गल्लत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या डोमेनमध्ये डोमेन ॲडमिन म्हणजे सर्वेसर्वा. इथे तसं नाही. एन्ट्रा आयडीचे (क्लाउडवर लोकांची खाती सांभाळणारी सेवा) रोल वेगळे आणि ॲझ्युरचे रोल वेगळे. (ॲझ्युर एडीचं नाव २०२३ मध्ये एन्ट्रा आयडी झालं. जुन्या व्हिडिओंत जुनंच नाव ऐकू येईल, गोंधळू नका.) ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटर हा एन्ट्रातला सर्वोच्च रोल असलेल्या माणसाला ॲझ्युरमधलं एक साधं व्हर्च्युअल मशीनही आपोआप दिसत नाही. त्याला स्वतःचे अधिकार वाढवून घेता येतात, तसं केलं की रूट पातळीवर यूजर ॲक्सेस ॲडमिनिस्ट्रेटर हा रोल मिळतो. पण ती मुद्दाम उचललेली पायरी आहे.

दुसरी गोष्ट, कॉन्ट्रिब्युटर जवळजवळ सगळं करू शकतो, पण दुसऱ्याला रोल देऊ शकत नाही. त्यासाठी ओनर किंवा यूजर ॲक्सेस ॲडमिनिस्ट्रेटरसारखा रोल लागतो.

तिसरी गोष्ट बारकाईने वाचा, कारण प्रत्यक्ष कामातही यावरून तक्रारींची तिकिटं येतात. स्टोरेज अकाउंटवर रीडर रोल दिला तरी त्या माणसाला ब्लॉब म्हणून ठेवलेली फाइल वाचता येत नाही. रीडरला अकाउंट दिसतं, आतला डेटा नाही. डेटासाठी स्टोरेज ब्लॉब डेटा रीडर हा वेगळा रोल आहे. ओनरला फाइल उघडता येते ती अकाउंटच्या की (प्रवेशाच्या किल्ल्या) वाचण्याचा अधिकार असतो म्हणून. आता त्याच अकाउंटवर रीड-ओन्ली लॉक टाकून बघा: या की दाखवणंही बंद होतं, कारण यादी मागवण्याची ती क्रिया पोस्ट प्रकारची वेब-विनंती असते आणि लॉक तिला अडवतं. हे वाचून लक्षात राहणं अवघड आहे. दोन यूजर बनवा, एकाला एक रोल द्या, दुसऱ्याला दुसरा, वेगळ्या ब्राउझर विंडोत लॉगिन करा आणि कोणाला काय नाकारलं जातं ते बघा. एका संध्याकाळी हा सगळा भाग पक्का होतो.

नेटवर्ककर:

नेटवर्किंगबद्दल माझ्याकडून. सबनेट, रूटिंग, फायरवॉल तुम्हाला येतं हे गृहीत धरतो. मग शिकायचं उरतं ते ॲझ्युरचं वेगळेपण.

प्रत्येक सबनेटमधले ५ पत्ते ॲझ्युर स्वतःकडे ठेवतं: पहिले चार आणि शेवटचा. म्हणून /२९ मध्ये, म्हणजे ८ पत्त्यांच्या सबनेटमध्ये, तुमच्या हाती ३ च पत्ते येतात, आणि त्याहून लहान सबनेट बनवता येत नाही. पीअरिंग (दोन नेटवर्कची जोडणी) एकाकडून दुसऱ्याकडे झिरपत नाही. अ आणि ब जोडलेले, ब आणि क जोडलेले, तरी अ मधून क ला पोचता येत नाही. त्यासाठी थेट पीअरिंग करा नाहीतर मध्ये फायरवॉल किंवा तसं एखादं उपकरण आणि रूट ठेवा. दोन नेटवर्कची ॲड्रेस स्पेस एकमेकांवर आली तर पीअरिंग होणारच नाही.

एनएसजीच्या (ट्रॅफिक अडवणाऱ्या-सोडणाऱ्या नेटवर्क सिक्युरिटी ग्रुपच्या) नियमांची प्रायॉरिटी १०० ते ४०९६. लहान आकडा आधी तपासला जातो, आणि नियम जुळला की पुढचे बघितले जात नाहीत. सबनेटवर एक एनएसजी आणि नेटवर्क कार्डवर दुसरा असेल तर आत येणारा ट्रॅफिक आधी सबनेटचा, मग कार्डचा नियम ओलांडतो. बाहेर जाताना उलट. दोन्हीकडे परवानगी हवी. लॅबमध्ये सबनेटवर ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट) उघडा, कार्डवर बंद ठेवा, आणि नेटवर्क वॉचरच्या आयपी फ्लो व्हेरिफायला विचारा की कोणत्या नियमाने अडवलं. ते टूल परीक्षेसाठी म्हणून शिकाल आणि नोकरीत कायम वापराल.

प्रश्नचिन्ह:

मीही याच तयारीत आहे. ओळखीच्या एकाने 'खरे प्रश्न' असलेली पीडीएफ पाठवली आहे, तिच्यातून प्रश्न जसेच्या तसे येतात म्हणे. वापरावी का? अभ्यासाला खरोखर वेळ मिळत नाही हो.

जुनाजाणता:

वापरू नका. परीक्षेत बसताना आपण प्रश्न बाहेर न नेण्याच्या करारावर होकार देतो, आणि अशा पीडीएफ तो करार मोडूनच तयार होतात. पकडलं गेलं तर निकाल रद्द होऊ शकतो, मिळालेली प्रमाणपत्रं काढून घेतली जाऊ शकतात, पुढच्या परीक्षांना बंदी येऊ शकते.

पण समजा कोणी पकडलंच नाही. त्या फाइलींतली बरीच उत्तरं चुकीची किंवा शिळी असतात. सेवा बदलते, परीक्षा अद्ययावत होते, फाइल तिथेच राहते. आणि ज्याने पाठ करून पास केलं त्याच्या हाती दुसऱ्या दिवशी प्रॉडक्शनच्या सबस्क्रिप्शनवर ओनर रोल येतो. मला त्याची जास्त काळजी वाटते. चुकीच्या स्कोपवर दिलेली एक परवानगी कितीतरी लोकांचा डेटा उघडा पाडू शकते.

वेळ नाही ही अडचण खरी आहे, ती मी हलक्यात घेत नाही. मायक्रोसॉफ्ट लर्नवरच मोफत प्रॅक्टिस असेसमेंट आहे. प्रत्येक उत्तराचं स्पष्टीकरण आणि दस्तऐवजाचा दुवा मिळतो. थोडे थोडे प्रश्न सोडवा, पण चुकलेल्या प्रश्नाचं स्पष्टीकरण वाचून थांबू नका, ती गोष्ट लॅबमध्ये करून बघा. आणि उरलेले तीन पर्याय का चुकले तेही स्वतःच्या शब्दांत लिहा. बरोबर उत्तर ओळखण्यापेक्षा यातून जास्त शिकायला मिळतं.

रात्रपाळी:

लॅबच्या खर्चाबद्दल कोणीच बोललं नाही, आणि नव्या माणसाला सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते.

व्हर्च्युअल मशीनच्या आत जाऊन विंडोज शटडाउन केलं की पोर्टलवर नुसतं 'स्टॉप्ड' दिसतं आणि मशीनचं बिल चालूच राहतं. पोर्टलवरून थांबवा, 'स्टॉप्ड (डीॲलोकेटेड)' दिसायला हवं. तेव्हा सीपीयूचं बिल थांबतं. डिस्कचं आणि राखून ठेवलेल्या पब्लिक आयपीचं मात्र तेव्हाही चालूच असतं.

म्हणून प्रत्येक सरावाला वेगळा रिसोर्स ग्रुप आणि सराव झाला की अख्खा ग्रुप डिलीट. बजेट लावून ठेवा, पण ते फक्त सूचना पाठवतं, खर्च थांबवत नाही, हे परीक्षेतही लक्षात असू द्या. नव्या मोफत खात्याला पहिल्या ३० दिवसांसाठी २०० डॉलरचं क्रेडिट मिळतं. खातं उघडायची घाई करू नका. आधी स्टडी गाइड वाचून सरावांची यादी करा, मगच ते ३० दिवस सुरू होऊ द्या.

एक ठिकाण आधीच सांगून ठेवतो. बॅकअपचा सराव केला की रिकव्हरी सर्व्हिसेस व्हॉल्ट (बॅकअप ठेवायची तिजोरी) सहजासहजी डिलीट होत नाही. काढलेला बॅकअप सॉफ्ट डिलीटमध्ये १४ दिवस पडून राहतो, आणि त्यामुळे रिसोर्स ग्रुप डिलीट करायला गेलं की एरर येते. घाबरू नका, ती सुरक्षा आहे, रॅन्समवेअरवाल्याने तुमचे बॅकअप उडवू नयेत म्हणून ठेवलेली. व्हॉल्ट ज्या मशीनचा बॅकअप घ्यायचा त्याच रीजनमध्ये असावा लागतो, हेही त्याच सरावात कळेल.

सर्व्हररूम:

सगळ्यांचे मनापासून आभार. रोल आणि स्कोप हे दोन वेगळे निर्णय आहेत हे वाचल्यावर जुने चुकलेले प्रश्न पुन्हा काढून बसलो. बरेच आता सुटतात. परवानगीताईंचा दोन यूजरवाला सरावही केला, आणि रीड-ओन्ली लॉक लावल्यावर अकाउंटच्या की खरंच दिसेनाशा झाल्या.

आता परीक्षेच्या दिवसाबद्दल विचारतो. ऐकलं की परीक्षेत पुस्तक उघडता येतं. हे खरं आहे का? मग पाठ करायचंच कशाला?

परवानगी:

अर्धं खरं आहे. ऑगस्ट २०२३ पासून असोसिएट आणि एक्स्पर्ट पातळीच्या परीक्षांत मायक्रोसॉफ्ट लर्नची साइट परीक्षेच्याच स्क्रीनवर उघडता येते. फंडामेंटल्सच्या (एझेड-९०० सारख्या पायाभूत) परीक्षांत ती सोय नाही. पण घड्याळ थांबत नाही आणि जादा वेळ मिळत नाही. असोसिएटला लॅब नसेल तर १०० मिनिटं असतात. प्रत्येक प्रश्नाला शोधत बसलात तर परीक्षा अर्ध्यावरच संपेल.

मी तिचा उपयोग फक्त कोष्टकांपुरता करा म्हणेन. कोणत्या प्रतीचा लोड बॅलन्सर काय देतो, स्टोरेजच्या कोणत्या प्रकारात कोणती रिडन्डन्सी (डेटाच्या जादा प्रती ठेवण्याची पद्धत) चालते, असले तपशील. आर्काइव्ह टियरमधला (क्वचित लागणाऱ्या डेटाच्या साठ्यातला) ब्लॉब परत मिळायला साध्या प्राधान्याने १५ तासांपर्यंत लागू शकतात, हे आठवलं नाही तर बघता येतं. पण 'फाइल तासाभरात मिळायला हवी' असं वाचल्यावर आर्काइव्ह बाद करायचं, हे सुचायला हवं, ते शोधून सापडत नाही. घरी सराव करताना लर्नचंच सर्च वापरायची सवय लावा. तिथे कोणता शब्द टाकला की कोणतं पान वर येतं हे हाताला माहीत असावं.

जुनाजाणता:

परीक्षेच्या दिवसाचं आणखी थोडं. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. पास व्हायला १००० पैकी ७०० लागतात. हे स्केल केलेले गुण आहेत, म्हणून ७० टक्के प्रश्न बरोबर असा हिशेब करत बसू नका. केस स्टडीचा भाग बंद केला की परत त्यात जाता येत नाही. एकच परिस्थिती आणि 'या उपायाने उद्दिष्ट साधतं का, हो की नाही' अशी मालिका येते, तिथेही मागे जाता येत नाही. हे आधी माहीत नसलं की ऐन वेळी घाम फुटतो. लर्नवर एक्झाम सँडबॉक्स आहे, त्यात ही सगळी मांडणी आधीच हाताळून बघता येते.

नापास झालात तर दुसरा प्रयत्न २४ तासांनंतर करता येतो, त्यापुढच्या प्रयत्नांमध्ये १४ दिवसांचं अंतर लागतं. पण २४ तासांत बसू नका. निकालात कोणता भाग कमी पडला त्याचा आलेख मिळतो, त्यावर काम करा आणि मग बसा.

ढगाखाली:

भाषेबद्दल एक महत्त्वाचं. परीक्षा तुमच्या पसंतीच्या भाषेत उपलब्ध नसेल तर ३० मिनिटं जादा मागता येतात. मराठीत या परीक्षा नाहीत, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना याचा उपयोग होईल. विनंती परीक्षेची वेळ ठरवण्याआधी मंजूर करून घ्यावी लागते. यात कमीपणा काही नाही. लांबलचक इंग्रजी परिच्छेद घाईत वाचून नकारार्थी शब्द नजरेतून सुटणं आणि विषय न येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मी प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचतो, मग पर्याय, मग वरची परिस्थिती. काय शोधायचं ते माहीत असलं की परिच्छेद छोटा वाटतो.

सर्व्हररूम, एमएस-१०२ बद्दल एक विचारतो. साहेबांना एक्स्पर्टचं प्रमाणपत्र हवंय की नुसती परीक्षा?

सर्व्हररूम:

प्रमाणपत्रच हवंय. एझेड-१०४ असोसिएट, त्यावर एमएस-१०२ की एक्स्पर्ट, असंच त्यांनी मांडलं होतं.

ढगाखाली:

तिथेच थांबा. मायक्रोसॉफ्ट ३६५ ॲडमिनिस्ट्रेटर एक्स्पर्टसाठी एमएस-१०२ शिवाय ठरावीक असोसिएट प्रमाणपत्रांपैकी एक असावं लागतं, आणि त्या यादीत एझेड-१०४ नाही. एमडी-१०२ म्हणजे एंडपॉइंट ॲडमिनिस्ट्रेटर चालतं, एससी-३०० म्हणजे आयडेंटिटी अँड ॲक्सेस ॲडमिनिस्ट्रेटर चालतं. एझेड-१०४ आणि एमएस-१०२ दोन्ही पास केल्यात तरी एक्स्पर्ट मिळणार नाही. साहेबांशी आत्ताच बोला. यादी बदलत असते, म्हणून बोलण्याआधी प्रमाणपत्राचं अधिकृत पान उघडून खात्री करून घ्या.

माझं मत एससी-३०० च्या बाजूने आहे. ओळख आणि परवानगी हा दोन्ही परीक्षांना जोडणारा भाग आहे. एझेड-१०४ मध्ये ओळख आणि गव्हर्नन्सला २० ते २५ टक्के वजन आहे, आणि एमएस-१०२ मध्येही सिंक्रोनायझेशन, एमएफए (पासवर्डशिवाय आणखी एक पडताळणी), कंडिशनल ॲक्सेस (अटी घालून प्रवेश) हे सगळं येतंच. तुम्ही ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून येताय, म्हणजे एन्ट्रा कनेक्ट (तुमच्या डिरेक्टरीतली खाती क्लाउडशी जुळवणारं साधन) समजायला वेळ लागणार नाही. सिंक डीफॉल्टने ३० मिनिटांनी चालतं, पण पासवर्ड हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) दर २ मिनिटांनी जातात. हॅश सिंक असेल तर तुमचा डोमेन कंट्रोलर बंद पडला तरी लोक क्लाउडवर लॉगिन करू शकतात. पास-थ्रू ऑथेंटिकेशनमध्ये तसं होत नाही, पासवर्ड तुमच्याच सर्व्हरवर तपासला जातो. 'पासवर्डचा हॅशही बाहेर जाता कामा नये' असं बंधन प्रश्नात असेल तर मात्र पास-थ्रूकडे वळायचं. पुन्हा तेच, बंधन शोधा.

आणि कंडिशनल ॲक्सेसचा सराव करताना नवी पॉलिसी आधी रिपोर्ट-ओन्लीमध्ये (फक्त नोंद, अडवणूक नाही) लावा, आणीबाणीचं ॲडमिन खातं पॉलिसीतून वगळा. प्रत्यक्ष कामावरही हाच क्रम ठेवावा लागतो. अख्ख्या संस्थेला स्वतःसकट बाहेर कुलूपबंद करणं या एका पॉलिसीने फार सहज होतं.

रात्रपाळी:

एमएस-१०२ च्या लॅबसाठी जुन्या व्हिडिओंत डेव्हलपर प्रोग्रामचा मोफत ई५ टेनंट (सरावासाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वेगळी जागा) सांगितलेला असतो. २०२४ पासून तो सरसकट सगळ्यांना मिळत नाही, त्यावर विसंबून वेळापत्रक आखू नका. ट्रायल घेतलीत तर तिचे दिवसही यादी तयार झाल्यावरच सुरू करा.

प्रश्नचिन्ह:

पीडीएफ काढून टाकली. प्रॅक्टिस असेसमेंट सुरू केलं आहे, रोज जमेल तेवढं. एक सांगा, या प्रमाणपत्राची परीक्षा दरवर्षी पुन्हा द्यावी लागते का? आणि आमच्याकडे एडब्ल्यूएस (ॲमेझॉनचं क्लाउड) पण आहे, तिकडे काय?

जुनाजाणता:

चांगलं केलंत. असोसिएट आणि एक्स्पर्ट एक वर्ष चालतात. मुदत संपण्याआधी ६ महिन्यांपासून नूतनीकरणाची चाचणी खुली होते. ती लर्नवर ऑनलाइन असते, मोफत, घरबसल्या, निरीक्षकाशिवाय. मुदत उलटली तर मात्र मूळ परीक्षा पुन्हा द्यावी लागते, म्हणून कॅलेंडरमध्ये नोंद करून ठेवा. फंडामेंटल्सना मुदत नाही. माझ्या मते ही चाचणी ओझं समजू नये. वर्षभरात काय बदललं ते त्या निमित्ताने वाचलं जातं, एरवी ॲडमिनला ते वाचायला कोण वेळ देतं?

एडब्ल्यूएसची असोसिएट प्रमाणपत्रं ३ वर्षं चालतात, पास व्हायला १००० पैकी ७२०, आणि नापास झालात तर १४ दिवस थांबावं लागतं. ॲडमिनसाठीची सिसऑप्स परीक्षा २०२५ मध्ये क्लाउडऑप्स इंजिनिअर या नावाने आली. दोन्ही एकदम करू नका. आयएएम (एडब्ल्यूएसची परवानग्यांची पद्धत) आणि ॲझ्युरचे रोल डोक्यात एकमेकांत मिसळतात. रोज ज्या क्लाउडवर हात असतो तिथून सुरू करा.

सर्व्हररूम:

साहेबांशी बोललो. पान दाखवल्यावर त्यांनाही पटलं. आता एझेड-१०४, मग एससी-३००, मग एमएस-१०२. पॉवरशेलचा प्रश्न तेवढा राहिला.

परवानगी:

अरे हो, ते राहूनच गेलं. पाठ करू नका, वाचता यायला हव्यात. न्यू ने बनतं, गेट ने दिसतं, सेट ने बदलतं, पुढे एझेड आणि वस्तूचं नाव. ॲझ्युर सीएलआयची ठेवण वेगळी, तिथे वस्तू आधी आणि क्रिया नंतर. दोन्हींत तेच काम एकदा करून बघा, म्हणजे पर्यायांत कोणती ओळ बनावट आहे ते ओळखू येतं.

त्याहून जास्त वेळ एआरएम टेम्पलेट आणि बायसेप (ॲझ्युरमध्ये काय उभारायचं ते लिहिलेल्या फाइली) वाचण्याला द्या, कारण फाइल समोर ठेवून यातून काय तयार होईल असं विचारतात. पोर्टलवर एखादा स्टोरेज अकाउंट हाताने बनवा, त्याचं टेम्पलेट एक्स्पोर्ट करा, पॅरामीटर, व्हेरिएबल आणि रिसोर्स हे तीन भाग शोधा, रिडन्डन्सी बदला आणि पुन्हा डिप्लॉय करा. डिप्लॉयमेंटचा डीफॉल्ट मोड इन्क्रिमेंटल असतो, टेम्पलेटमध्ये नसलेल्या वस्तूंना तो हात लावत नाही. कम्प्लीट मोड रिसोर्स ग्रुपमधलं टेम्पलेटमध्ये नसलेलं सगळं काढून टाकतो. हा फरक रिकाम्या ग्रुपवर दिसत नाही, तेव्हा आधी ग्रुपमध्ये एखादी नको असलेली डिस्क ठेवा, व्हॉट-इफ चालवून काय डिलीट होणार ते वाचा, आणि मगच कम्प्लीट चालवा.